विद्यार्थ्यांचा चित्रपट महोत्सव आणि जाणत्यांची मदत

डिसेंबर ते फेब्रुवारी हा महाविद्यालयीन चित्रपट महोत्सवांचा हंगाम असल्यामुळे या सदराकडे आलेल्या पत्रांत सध्या त्याच विषयाची पत्रे अधिक आहेत. म्हणून या अंकात तेवढेच प्रश्न घेतले आहेत. लांब पत्रांचा आशय तेवढा दिला असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात जनसंज्ञापन विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहोत. फेब्रुवारीत दोन दिवसांचा विद्यार्थी लघुपट महोत्सव भरवायचा आहे. नावाजलेल्या अभिनेत्याला उद्घाटनाला बोलावले तर बातमी येते आणि प्रायोजकही मिळतात, असे आमच्या सरांचे मत आहे. आमच्यापैकी काहींना मात्र तो खर्च वायफळ वाटतो. माध्यमांत काम करणाऱ्यांकडे मदत मागायची तर नेमकी काय मागावी?

उत्तर : सरांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. ओळखीचा चेहरा असला की प्रायोजकाचा हात खिशाकडे लवकर जातो, हे खरेच आहे. पण त्या सकाळी प्रत्यक्षात काय घडते तेही पाहावे. पाहुणे तासभर उशिरा येतात, दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक आणि मनोगत यांत पहिले सत्र संपते, आणि पाहुणे निघाले की निम्मे सभागृह फोटो काढून घेण्यासाठी त्यांच्यामागे बाहेर पडते. ज्या मुलीचा लघुपट त्यानंतर लगेच लागणार असतो, तिच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या येतात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत अभिनेत्याचा फोटो असतो, पण एकाही लघुपटाचे नाव नसते.

माझे मत स्पष्ट आहे. माध्यमातील माणसाला व्यासपीठावर बसवण्यापेक्षा त्याचे जे रोजचे काम आहे, तेच चार-सहा तास तुमच्यासाठी करायला सांगावे. वर्तमानपत्रातील उपसंपादकाला माहितीपुस्तिका तपासायला द्यावी, कारण प्रत्येक लघुपटाचा परिचय पन्नास शब्दांत, शेवट न फोडता लिहिणे हे सोपे काम नाही आणि ते त्याला सवयीने जमते. आकाशवाणीच्या निवेदकाला लघुपटानंतरच्या चर्चेचे सूत्रसंचालन द्यावे. शहरात लग्नाचे व्हिडिओ चित्रण करणारे जे व्यावसायिक आहेत, त्यांना आपण उगीचच कमी लेखतो. भर मांडवात वीज गेल्यावर चित्रीकरण चालू कसे ठेवायचे, हे त्यांना जितके ठाऊक असते तितके मोठ्या शहरातून आलेल्या व्याख्यात्याला असेलच असे नाही.

तुम्ही तर कोल्हापुरात आहात. बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' हा मूकपट १९२० मध्ये याच शहरात केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हाताखाली काम करून शिकलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली, आणि ती १९३३ मध्ये पुण्याला गेली. पेंटरांच्या कंपनीत शिकणे म्हणजे पडदे रंगवणे, यंत्रे जुळवणे, पडेल ते काम करणे होते, आणि प्रभातचे शांताराम, दामले, फत्तेलाल असेच घडले. आजही तुमच्या शहरात चित्रनगरी आहे, बाबूराव पेंटरांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे, मालिका आणि चित्रपटांवर काम केलेले रंगभूषाकार, प्रकाशयोजनेतले कारागीर आणि निर्मिती व्यवस्थापक आहेत. त्यांच्यातल्या तिघांना अर्धा दिवस बसवून 'कमी पैशांत रात्रीचे दृश्य कसे उजळायचे' एवढ्या एकाच विषयावर बोलते करा, आणि त्यांना दिवे प्रत्यक्ष लावून दाखवायला सांगा.

पत्र लिहिताना मागणी मोघम ठेवू नये. 'आपले सहकार्य अपेक्षित आहे' या वाक्याने कोणीही हलत नाही. त्याऐवजी असे लिहावे : आमच्याकडे आलेल्या लघुपटांपैकी बारा आपण २० जानेवारीपर्यंत पाहावेत, प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहून द्याव्यात, लघुपट पाहण्याची सोय आम्ही करू. व्यग्र माणसाला कामाची सुरुवात आणि शेवट दिसला तर तो होकार देतो, किंवा निदान लवकर नकार देतो. दोन्हींचा उपयोगच होतो.

लघुपटानंतरच्या चर्चेसाठी एक पथ्य पाळावे. सूत्रसंचालकाने लघुपट आधी पाहिलेला असलाच पाहिजे, आणि त्याचा पहिला प्रश्न एखाद्या ठरावीक दृश्याविषयी असावा. 'या फिल्ममधून तुम्हाला काय संदेश द्यायचा होता?' हा प्रश्न दोन दिवस विचारायचा नाही, असे फलकावर लिहून लावले तरी चालेल. त्या प्रश्नाला एकोणीस वर्षांचा मुलगा पाठ केलेले उत्तर देतो आणि चर्चा तिथेच संपते. उलट 'आई दारात उभी राहते तेव्हा कॅमेरा घराच्या आत का ठेवलास?' असे विचारले, तर तो क्षणभर अडखळतो, मग आठवून सांगू लागतो, आणि सभागृहातल्या इतर मुलांनाही आपापले निर्णय आठवू लागतात.

प्रश्न : मी नाशिकमध्ये एका दैनिकात सांस्कृतिक बातमीदारी करते. एका महाविद्यालयाने महोत्सवाची परीक्षक म्हणून बोलावले असून आमचे दैनिकच माध्यम प्रायोजक आहे. एका दुपारी तीसहून अधिक लघुपट पाहून निकाल द्यायचा आहे. शिवाय त्याविषयी लेखही लिहायचा आहे. विद्यार्थ्यांच्या कामाविषयी कठोर लिहावे का?

उत्तर : एका दुपारी तीस लघुपट पाहणे शक्य नाही, हे आयोजकांना आधी कळवा. प्रत्येकी दहा मिनिटे धरली तरी पाच तास होतात. चौथ्या तासानंतर परीक्षकाला फक्त विनोद आणि मृत्यू आठवतात, आणि शांत लघुपट हमखास मागे पडतात. निवड समितीने आधी चाळणी करून दहा-बारा लघुपट ठेवावेत किंवा तुमच्याकडे सर्व लघुपट आठवडाभर आधी द्यावेत. दोन्हीपैकी एकही जमत नसेल, तर परीक्षकपद नाकारणेच योग्य.

तुमचे दैनिक प्रायोजक आणि तुम्ही परीक्षक हा योग तितकासा बरा नाही. निकाल कितीही प्रामाणिक असला तरी कुजबुज होणारच. तुम्ही परीक्षक राहणार असाल, तर वृत्तलेख सहकाऱ्याने लिहावा आणि तुम्ही परीक्षक असल्याचा उल्लेख त्यात असावा. मला विचाराल तर परीक्षकपद दुसऱ्याला देऊन तुम्ही लेखच लिहावा. परीक्षक हवे तितके मिळतात, पण विद्यार्थ्याच्या लघुपटावर गांभीर्याने सहाशे शब्द लिहिणारा माणूस मिळत नाही.

कठोर लिहावे का, याचे उत्तर असे, की नेमके लिहावे. 'संकलन विस्कळीत' असे लिहिल्याने वाचकाला काही कळत नाही आणि मुलांना तर त्याहून नाही. 'बस सुटल्यानंतरची दोन मिनिटे अनावश्यक आहेत, कारण मुलगी परत येणार नाही हे तिच्या पिशवीवरूनच कळले होते' असे लिहिले, तर तो शेरा मुले पुढच्या लघुपटापर्यंत जपून ठेवतील. जो लघुपट मुळातच फसला आहे, त्यावर छापून न लिहिता त्याच्या दिग्दर्शकाशी समोरासमोर बोलावे. ते व्यावसायिक काम नाही, त्याला तिकीट लावलेले नाही, आणि वाचकाला सावध करण्याची गरजही नाही.

अशा लेखनाला मोल आहे, कारण विद्यार्थी असताना केलेला लघुपट हा पुष्कळदा त्या दिग्दर्शकाचा पहिला खरा आवाज असतो. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' हा पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधला पदविका लघुपट होता. घरात पिठाची गिरणी येते आणि एका लहान मुलाचे जग बदलते, एवढीच त्याची गोष्ट. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा नगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकत असतानाचा. दोघांनाही पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पुरस्कार मिळण्याआधी अशा लघुपटाकडे कोणी नीट पाहिले, हे महत्त्वाचे असते, आणि ते पाहणे बातमीदाराच्या हातात आहे.

प्रश्न : मी तिशीच्या आतला, नागपूरचा दिग्दर्शक आहे. माझे दोन लघुपट काही महोत्सवांत दाखवले गेले. आता महाविद्यालये कार्यशाळेसाठी बोलावतात, पण मानधनाचा विषय निघाला की 'विद्यार्थ्यांसाठी आहे' असे म्हणतात. शिवाय मी अजून शिकतोच आहे; मी त्यांना काय शिकवणार?

उत्तर : मानधन विचारण्यात संकोच बाळगू नका. ज्या महाविद्यालयाकडे मंडप, पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्हांसाठी पैसे आहेत, त्याच्याकडे व्याख्यात्यासाठीही असतात. प्रवास आणि मुक्काम हा तर वाटाघाटीचा विषयच नव्हे. एखादी संस्था खरोखर तंगीत असेल, तर मानधन सोडणे हा तुमचा निर्णय असावा, त्यांनी गृहीत धरलेली गोष्ट नसावी.

आपण अजून शिकतो आहोत, ही तुमची अडचण नसून तुम्हाला बोलावण्याचे कारणच ते आहे. चाळीस वर्षे काम केलेला दिग्दर्शक मोठ्या गोष्टी सांगेल, पण कॅमेऱ्याचे आजचे दिवसाचे भाडे, ग्रामपंचायतीकडून चित्रीकरणाची परवानगी मिळवताना सरपंचांना काय सांगावे लागले, कलाकार ऐन वेळी न आल्यावर दृश्य कसे बदलले, हे तुमच्या वयाच्या माणसालाच ताजे आठवते. मुलांना अडलेले असते ते नेमके तिथे.

व्याख्यान मात्र देऊ नका. मुलांचे अर्धवट संकलित केलेले दोन-तीन लघुपट मागवून घ्या आणि त्यांवर तीन तास बसा. पहिल्यांदा लघुपट न थांबवता, न बोलता सगळ्यांनी पाहावा. मग दिग्दर्शकाने गप्प राहायचे आणि इतरांनी गोष्ट काय होती ते सांगायचे. इथेच निम्मे काम होते, कारण जी बहीण दिग्दर्शकाच्या मनात होती, ती सभागृहातल्या निम्म्या लोकांना बायको वाटलेली असते. त्यानंतर थांबत थांबत पुन्हा पाहावे. विद्यार्थ्यांचे कितीतरी लघुपट घड्याळाच्या गजराने सुरू होतात. नायक गजर बंद करतो, दात घासतो, आरशात पाहतो, जिना उतरतो आणि मग कुठे गोष्ट सुरू होते. तो सगळा भाग काढून लघुपट थेट रस्त्यावरून सुरू करून दाखवा, तिथल्या तिथे, त्यांच्याच संगणकावर. आणि जमल्यास आपल्या लघुपटाचा टाकून दिलेला पहिला कट सोबत न्या. तो पाहून मुलांना जो धीर येतो तो पुरस्काराच्या फोटोने येत नाही.

या कामाची परंपरा आपल्याकडे आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले. ते उभे करणारे पी. के. नायर आणि इन्स्टिट्यूटमध्ये रसास्वाद शिकवणारे सतीश बहादूर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकातील हेग्गोडूसारख्या खेड्यात जाऊन नीनासम या नाट्यसंस्थेच्या शिबिरांत शिकवत असत. हेग्गोडूच्या शेतकऱ्यांनी जगभरचे अभिजात चित्रपट पाहिले ते अशाच लोकांच्या वेळामुळे.

प्रश्न : लातूरच्या आमच्या महाविद्यालयात मी महोत्सवाचा समन्वयक प्राध्यापक आहे. विद्यार्थ्यांचे लघुपट दाखवायला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते का? अनेकांनी चित्रपटगीते वापरली आहेत. 'श्रेय दिले आहे, त्यामुळे अडचण नाही' असे ते म्हणतात.

उत्तर : सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार चित्रपटाचे जाहीर प्रदर्शन करायचे तर प्रमाणपत्र लागते, आणि लघुपट आखूड आहे म्हणून त्यातून सुटत नाही. महोत्सवांसाठी मात्र सूट मागता येते. त्यासाठी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आधी अर्ज करावा लागतो. महोत्सव व्यावसायिक स्वरूपाचा नाही, चित्रपट फक्त नोंदणी केलेल्या प्रतिनिधींनाच दाखवले जातील, असे लिहून द्यावे लागते, आणि चित्रपटांची यादी सारांशासह जोडावी लागते. या अर्जासाठी एक पूर्वावलोकन समिती लागते आणि तिच्यात चित्रपट व्यावसायिक, समीक्षक किंवा लेखक असावे लागतात. तुमच्या जिल्ह्यातील पत्रकार आणि दिग्दर्शकांची मदत इथे शोभेपुरती नाही, कागदोपत्री आवश्यक आहे. समितीने सर्व लघुपट खरोखर पाहून शिफारस करायची असते, त्यामुळे प्रवेशिकांची अंतिम मुदत आणि महोत्सव यांत पुरेसे अंतर ठेवा. वर्गात, फक्त आपल्याच विद्यार्थ्यांसमोर अभ्यासाचा भाग म्हणून लघुपट दाखवणे आणि शहराला खुले निमंत्रण देणे यांत फरक आहे, हे प्राचार्यांनाही समजावून सांगावे.

गाण्यांच्या बाबतीत तुमचे विद्यार्थी चुकत आहेत. श्रेय देणे हे सौजन्य आहे, ती परवानगी नव्हे. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क असतात. समजा लघुपटात तुकोबांचा अभंग घेतला. शब्द सर्वांचे आहेत, त्यावर कोणाचा हक्क नाही. पण तो अभंग एखाद्या विसाव्या शतकातील संगीतकाराच्या चालीत असेल, तर चालीचा हक्क त्या संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे. म्हणजे तोच अभंग गावातल्या भजनी मंडळाकडून परंपरागत चालीत गाऊन घेतला आणि आपणच ध्वनिमुद्रित केला, तर मंडळाची लेखी संमती पुरते. बहुतेक वेळा तो लघुपटाला अधिक शोभतोही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना काही सवलती आहेत, पण त्या प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच असतील तेव्हाच्या आहेत. लघुपट इंटरनेटवर चढवला की त्या संपतात.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. कायद्याने चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो. लघुपट महाविद्यालयाच्या पैशाने झाला की विद्यार्थ्यांच्या, हे प्रवेशिकेतच लिहून घ्या. पुढे पुरस्कार मिळाल्यावर हा वाद फार कटू होतो.

प्रश्न : साताऱ्यातील आमच्या महोत्सवात गेल्या वर्षी एका लघुपटाचा आवाज ऐकूच आला नाही, दुसऱ्याने कानठळ्या बसवल्या, आणि रात्रीची दृश्ये पडद्यावर नुसती काळी दिसली. यंदा काय करावे?

उत्तर : एक संकलक आणि एक ध्वनितंत्रज्ञ यांना आदल्या दिवशी दुपारी बोलवा आणि प्रत्येक लघुपटाची सुरुवात, शेवट आणि सर्वांत गडद दृश्य त्याच सभागृहात, त्याच प्रोजेक्टरवर चालवून पाहा. मुले हेडफोन लावून आवाज जुळवतात, म्हणून संवाद कानात स्पष्ट असतात आणि सभागृहात हरवतात. सर्व लघुपटांची ध्वनिपातळी एकसारखी करून एकाच क्रमात एका फाइलयादीत ठेवली, तर दोन लघुपटांच्या मध्ये लॅपटॉपचा डेस्कटॉप आणि कोणाचे तरी व्हॉट्सॲप पडद्यावर दिसत नाही. गडद दृश्यांचे निम्मे दुखणे खिडक्यांतून येणाऱ्या उजेडाचे असते. त्यावर काळे कापड हाच उपाय आहे. देवनागरी उपशीर्षके फाइलपासून वेगळी देऊ नयेत, चित्रातच पक्की करून घ्यावीत, कारण दुसऱ्याच्या संगणकावर योग्य फाँट नसला की जोडाक्षरे तुटतात आणि 'प्रार्थना' हा शब्द वाचता येत नाही. चित्रपटगृहात दाखवणार असाल, तर डीसीपी, म्हणजे तिथल्या डिजिटल यंत्रावर चालणारी लघुपटाची प्रत, लागेल. ती मोफत सॉफ्टवेअरने घरी बनवता येते, पण चित्रपटगृहाच्या यंत्रावर एकदा चालवून पाहिल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नये.

प्रश्न : ठाण्यात राहणाऱ्या माझ्या मुलीने लघुपट केला आहे. रोज कुठल्या तरी आंतरराष्ट्रीय महोत्सवाचा ईमेल येतो, प्रवेशशुल्क भरले की महिन्याभरात 'सर्वोत्कृष्ट' असे प्रमाणपत्र येते. हे खरे असते का?

उत्तर : प्रमाणपत्र खरे असते, महोत्सव बहुधा नसतो. ज्याचे चित्रपटगृह कोणते, परीक्षक कोण आणि मागच्या वर्षी काय दाखवले हे कळत नाही, दर महिन्याला ज्याचा निकाल लागतो आणि पुरस्कारांचे विभाग पन्नासच्या वर असतात, त्याला पैसे देऊ नयेत.

मुलगी अजून शिकत असेल, तर पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातील विद्यार्थी विभाग आणि १९९० पासून चालत आलेला मुंबईचा माहितीपट, लघुपट व सचेतपटांचा महोत्सव यांच्या नियमावल्या आधी वाचाव्यात. गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, २०२१ पासून पस्तिशीच्या आतल्या होतकरूंची निवड करणारा उपक्रम आहे. ती चित्रपटशाळेत असेल, तर कान महोत्सवाचा 'ला सिनेफ' हा विभाग केवळ अशा शाळांतील लघुपटांसाठीच आहे. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधील अश्मिता गुहा नियोगी यांना २०२० मध्ये आणि चिदानंद नाईक यांना २०२४ मध्ये तिथले पहिले पारितोषिक मिळाले.

या सगळ्यांआधी तो लघुपट ठाण्या-मुंबईतल्या एखाद्या फिल्म सोसायटीत दाखवता येतो का, हे विचारून पाहा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करते आहे. पत्र लिहिताना लघुपटाची लांबी, भाषा आणि पाहण्यासाठीचा दुवा पहिल्या दोन ओळींतच द्यावा, आणि दुव्याला लावलेला पासवर्ड त्याच पत्रात लिहायला विसरू नये.